शिस्टरचा ब्लॉग

माझा ब्लॉग सात वर्षं चालला. चालला म्हणजे मी तो ओढत नेला. आटपाडीच्या पूर्वेला एका उपकेंद्रात मी नर्स आहे. दर रविवारी दुपारी बायकांच्या आजारांवर एक लेख लिहायचा आणि तो इंटरनेटवर टाकायचा, असा माझा नेम होता. रक्त कमी असणं, अंगावरून पांढरं जाणं, पाळी जाताना होणारा त्रास, बाळंतपणानंतर धरलेली कंबर, साखर, थायरॉइड. एकही रविवार चुकला नाही असं म्हणणार नाही. सासूबाई वारल्या तेव्हा दोन चुकले, कोरोनात तर किती चुकले ते आठवतही नाही. बाकी लिहीत राहिले. आणि ते कुणी वाचलं नाही.

हे शेवटचं वाक्य इतक्या सरळपणे लिहायला मला बराच काळ लागला. आधी मी म्हणायचे, वाचक कमी आहेत. मग म्हणायचे, हळूहळू वाढतील. मग म्हणायचे, एका बाईला जरी उपयोग झाला तरी पुष्कळ. ती एक बाई मला शेवटी भेटली, आणि त्या दिवशी माझा ब्लॉग संपला.

नर्सिंगचं शिक्षण मी साताऱ्यात घेतलं. पहिली नेमणूक महाबळेश्वरकडच्या डोंगरात मिळाली. पावसाळ्यात तिकडे आठ आठ दिवस कपडे वाळायचे नाहीत. चुलीवर दोरी बांधून वाळवायचे, मग अंगाला दिवसभर धुराचा वास. स्ट्रॉबेरीच्या रानात वाकून वाकून कंबर गेलेल्या बायका माझ्याकडे यायच्या आणि खाली बघून बोलायच्या. पुढे लग्न झालं, नवरा फौजेत, सासर सांगली जिल्ह्यात. बरीच खटपट करून बदली घेतली आणि ओल्या डोंगरातून कोरड्या माळावर आले. इथल्या बायकाही खाली बघूनच बोलत होत्या. प्रश्न तेच, लाज तीच. आधी डोकं दुखतंय म्हणून सांगायचं, गोळी घ्यायची, दारापर्यंत जायचं, आणि मग परत वळून खरं काय ते पुटपुटायचं. वीस वर्षं तीच उत्तरं देऊन झाल्यावर वाटलं, हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं. कुणालाही घरबसल्या, कुणाला न विचारता वाचता येईल.

मुलीची बारावी तेव्हा नुकतीच संपली होती. सुट्टीत घरी बसून ती कंटाळली होती. तिच्याजवळ मी हे बोलले, तर तिनं तासाभरात ब्लॉग काढून दिला. वर एका जास्वंदीच्या फुलाचं चित्र टाकलं, खाली माझा पांढऱ्या साडीतला फोटो. मराठी टाइप कसं करायचं तेही तिनंच शिकवलं. मी एका बोटानं लिहायचे. जोडाक्षर आलं की बोट अडायचं, पण अडत अडत का होईना, जोडाक्षरं मला आवडायची.

याचं कारण आमच्या घरात आहे. माझं माहेर कुंडलजवळच्या एका गावात. वडील शाळेत शिपाई होते. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि दहा-पंधरा माणसं ऐकत बसायची. आजोबांना अक्षरओळख नव्हती, वडील सातवी झाले, आणि आम्ही भावंडांनी पुढे जायचं हे घरात ठरलेलंच होतं. पुढे जाणं म्हणजे शिकणं, आणि शिकणं म्हणजे शुद्ध बोलणं. आम्ही 'न्हाई' म्हटलं की वडील हातातलं काम थांबवायचे. "नाही म्हण. ना-ही." मी परत म्हणायचे. 'हाय' नाही, 'आहे'. 'पानी' नाही, 'पाणी'. शाळेत माझा निबंध गुरुजींनी वरच्या वर्गात नेऊन वाचून दाखवला. त्या दिवशी वडिलांनी वहीचं ते पान कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं होतं. पुढे नर्सिंगला गेल्यावर लिहिणं म्हणजे फक्त रजिस्टर भरणं झालं. ब्लॉग लिहायला बसले तेव्हा ती निबंधातली मुलगी परत आल्यासारखं वाटलं. मी फार मन लावून लिहायचे. 'होय'नं संपणारी वाक्यं लिहायचे. 'परंतु', 'तथापि', 'सबब' हे शब्द कुठे बसवता येतील ते बघायचे.

वडील तोवर गेले होते. असते तर मोठ्यानं वाचले असते सगळे लेख.

पहिल्या वर्षी मी रोज आकडा बघायचे. किती जणांनी लेख उघडला, कुठल्या देशातून उघडला, हे तिथे दिसतं. एका सोमवारी सकाळी आकडा एकदम चढला. बघते तर अमेरिका, सिंगापूर, कुठला तरी युरोपातला देश. मी लसीकरणाला निघाले होते, तशीच दारात उभी राहिले. मनात म्हटलं, परदेशात गेलेल्या आपल्या मुली असतील. तिथे कुणाला विचारणार बिचाऱ्या, म्हणून वाचत असतील. त्या दिवशी मी सगळ्या पोरांना जरा हसत हसतच सुया टोचल्या. पुढची दोन-तीन वर्षं त्या परदेशातल्या मुलींसाठी मी लिहीत होते. थंडीच्या प्रदेशात हाडं कशी जपावीत, यावर एक लेखही लिहिला.

मुलगी इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागली. एका दिवाळीत घरी आली असताना मी तिला मोठ्या कौतुकानं ते आकडे दाखवले. ती थोडा वेळ बघत राहिली.

"आई, तुला कुणी सांगितलं नाही का?"

"काय?"

"ही माणसं नाहीत. ही मशिनं असतात. इंटरनेटवर सगळीकडे आपोआप फिरत असतात. पान उघडतात आणि पुढे जातात."

"म्हणजे वाचत नाहीत?"

"त्यांना वाचता येत नाही, आई."

मग तिनं काहीतरी केलं आणि मशिनं वगळून आकडा काढला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. त्यात मी स्वतः, मुलगी, आणि चुका सुधारायला मी परत परत उघडलेलं पान, हे सगळं धरलेलं होतं. मुलीला वाईट वाटलं. ती म्हणाली, "अगं, मराठीतले सगळेच ब्लॉग असे असतात. लोक आता व्हिडिओ बघतात." मी बरं म्हटलं आणि करंज्या तळायला गेले.

कळल्यावरही मी थांबले नाही, याचं आता नवल वाटतं. उलट जास्त धडपड केली. तालुक्यातल्या नर्सेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेखाची लिंक टाकायला लागले. टाकल्याबरोबर तीन-चार अंगठे यायचे, जोडलेले हात यायचे. लेख वाचायला दहा मिनिटं लागतात, अंगठा दहा सेकंदांत. महिन्याच्या मीटिंगमध्ये मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "चांगलंय सिस्टर. तुमचं माता-बाल रजिस्टर मात्र दोन महिने मागं आहे." ते खरंच मागं होतं.

एकदा सांगलीत महिला दिनाच्या कार्यक्रमात माझा सत्कारही झाला. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माझी ओळख 'ब्युटी ब्लॉगर' अशी करून दिली. कुणी तरी कागदावर चुकीचं लिहून दिलं असावं. स्टेजवर बसलेल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मी नारळ मांडीवर घेऊन बसले होते. कार्यक्रमानंतर दोन मुलींनी येऊन मला तोंडावरच्या डागांवर उपाय विचारला. मी खरोखर सांगितला, आणि बस पकडून घरी आले.

एवढं झालं तरी पुढच्या रविवारी परत लिहायला बसले. त्या काळात लिहिताना मान भरून यायची, डोळ्यांतून पाणी यायचं. चष्म्याचा नंबर वाढला होता. कधी कधी एक परिच्छेद लिहून झाल्यावर कळायचं की हे मागच्या वर्षी लिहून झालंय. गर्भाशय खाली सरकण्याच्या त्रासावर तर मी चार वेळा लिहिलं. आमच्याकडे हा त्रास फार. बाळंतपणानंतर आठ दिवसांत बाई डोक्यावर हंडा घेते, वैरणीचा भारा उचलते. वर्षानुवर्षं आतली पिशवी खाली उतरत राहते आणि ती कुणाला सांगत नाही.

ती बाई आली तो लसीकरणाचा दिवस होता. आमच्या उपकेंद्राची एकच खोली आणि पुढे पत्र्याचा सोपा. पोरांचा कालवा चालला होता. ती सगळ्यात मागे भिंतीला पाठ लावून उभी होती. बाकावर जागा होती, पण बसत नव्हती. पन्नाशीची असेल. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. आमची आशा ताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, मला हळूच म्हणाली, "तिकडल्या वस्तीवरच्या हायत. मीच आणलंय. सगळी गेल्याबिगार बोलायच्या न्हाईत."

सगळी गेली. आशा ताईनं दार लोटलं. मी म्हटलं, "बसा मावशी."

"उबीच बरी हाय."

"काय होतंय?"

"कंबार दुखतीया."

सव्वीस-सत्तावीस वर्षांत एवढं शिकले आहे की कंबर म्हटल्यावर थोडं थांबायचं. तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"आंग भाईर येतंय," ती म्हणाली.

"किती दिवस झाले?"

"धाकटी पोरगी झाली तवापास्नं."

"धाकटी केवढी आहे?"

"तिचं लगीन झालं की गेल्या साली."

मी तपासलं. इथे त्याचं वर्णन करत नाही. जुन्या लुगड्याच्या कापडाचा बोळा करून ती आधाराला बांधत आली होती. त्यानं कातडी सोलवटली होती. त्या स्थितीत तिनं खुरपणी केली, शेळ्या राखल्या, मुलीचं लग्न उरकलं.

हात धुऊन मी परत आले तेव्हा आशा ताई आपला मोबाईल काढून तिच्या शेजारी उभी होती. तिला माझा ब्लॉग माहीत होता, आणि माझ्याबद्दल तिला मनापासून अभिमान होता. ती मावशींना सांगत होती, "आवं, आपल्या शिस्टरनी ह्येच्यावर लिवलंय. समदं हाय बगा ह्यात. तुमास्नी वाचाय येतंय न्हवं?"

"येतं की. चौथी झाल्या माजी."

"मग वाचा. मोठ्यानं वाचा."

मी म्हटलं, "राहू दे गं." पण मावशींनी मोबाईल हातात घेतलाही होता. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, पडद्याला लागू न देता बोट अक्षराखाली नेलं आणि वाचायला सुरुवात केली.

"गर्भा... गर्भाशय. भ... भरंश. ही. पर... परज... ननो..."

त्या थांबल्या. परत सुरुवातीपासून. माझा शब्द होता 'प्रजननोत्तर'. तो मी एका पुस्तकातून घेतला होता, आणि तो वाक्यात बसला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तो शब्द ओलांडून त्या पुढे गेल्या. "वयातील स्त्रियांमध्ये आढळणारी एक सामान्य परंतु दुर्लक्षित समस्या होय." हे बरंचसं नीट वाचलं. मग ओटीपोट, मग 'आधारभूत स्नायू शिथिल', तिथे पुन्हा अडल्या. कपाळावर घाम आला होता. तीन ओळी वाचायला किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आला आणि गेला.

तिसरी ओळ संपवून त्यांनी मोबाईल आशा ताईच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे कुणाला झालंय?"

आशा ताई हसली. मला हसू आलं नाही.

"तुम्हाला झालंय, मावशी," मी म्हटलं.

"मला? ह्यात माजं कुटं हाय?"

त्यांनी ते चेष्टेनं विचारलं नव्हतं. त्यांनी इमानदारीनं तीन ओळी वाचल्या होत्या आणि त्यात स्वतःला शोधलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही ज्याला अंग म्हणता त्याला आम्ही..." आणि पुढे बोलवेना. चारही लेखांत मिळून 'अंग बाहेर येणं' हे शब्द एकदाही आलेले नव्हते. मी ते रोज ऐकत होते, रोज तोंडानं बोलतही होते. लिहिताना मात्र ते शब्द माझ्यापर्यंत येऊच शकले नाहीत. वडिलांनी दारातच अडवले असते.

त्या दिवशी घरी जाताना मला कळून चुकलं. मी बायकांसाठी लिहितेय असं म्हणत होते, पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे बायका नव्हत्याच. डोळ्यांपुढे गुरुजी होते, वडील होते, आणि 'सिस्टर किती छान लिहितात' असं म्हणणारं कुणीतरी होतं, जे कधी म्हणालं नाही. वाचक मिळाले नाहीत याचं मला सात वर्षं वाईट वाटत होतं. मिळाले असते तरी हेच झालं असतं, हे त्याहून वाईट होतं.

पुढच्या आठवड्यात रजा टाकून मावशींना मी सांगलीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. घरी त्यांनी डोळे दाखवायला जाते म्हणून सांगितलं होतं. फक्त सुनेला खरं माहीत होतं. विट्यावरून जाणाऱ्या बसमध्ये जागा मिळाली. गाडी उसाच्या पट्ट्यात शिरली तशी मावशी खिडकीतून एकटक बघत राहिल्या. "लय पानी हाय बया हिकडं," म्हणाल्या. तासगावच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "शिस्टर, तुमी ते लिवताय, ते सरकारनं सांगितलंय व्हय?"

"नाही. माझं मीच लिहिते."

"मग कशापायी?"

"बायकांना कळावं म्हणून."

"मग बायांस्नी इचारायचं हुतं की, कळतंय का म्हून."

"हो. विचारायला पाहिजे होतं."

"आता इचारा," असं त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी काढून अर्धी मला दिली.

तपासणीत मावशींचं रक्त फार कमी निघालं, त्यामुळे ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं. त्या महिन्यात मी एक ओळ लिहिली नाही. रविवारी दुपारी टेबलाशी बसायचे आणि खिडकीबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहायचे. नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आहे आणि आता आटपाडीत एका बँकेच्या दारावर ड्यूटी करतो. माणूस मोजकं बोलणारा. एका दुपारी त्यांनीच विचारलं, "आज लिवणं न्हाई?"

मी उलट विचारलं, "तुम्ही वाचलाय का हो माझा ब्लॉग?"

"पहिला वाचला हुता. रक्ताचा."

"आणि पुढचे?"

ते बूट पुसत होते. पुसायचे थांबले नाहीत. "न्हाई."

"सात वर्षांत एकही नाही?"

"तू घरात बोलतीस ते मला समजतं. त्यात तू बोलत न्हवतीस. कलेक्टर हापिसातनं पत्र आल्यागत वाटायचं."

"मग सांगायचं नाही का?"

"तू लय खुशीत लिवायचीस. कसं सांगायचं?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढायचे, चहा ठेवायचे, पण बोलले नाही. सात वर्षं घरातल्या एका माणसाला सगळं माहीत होतं आणि त्यानं ते मायेपोटी दडवलं, याचा मला इतका राग आला की तेवढा राग मशिनांचाही आला नव्हता. तिसऱ्या दिवशी राग उतरला, कारण तो धरून ठेवायला अंगात त्राणच नव्हतं. सकाळी तीस जणांचं बीपी तपासून, दोन वस्त्या पायी फिरून आल्यावर माणूस कशावर किती रागावणार?

मग मी शेवटचा प्रयत्न करून बघितला. तोच लेख बायकांच्या भाषेत लिहायला घेतला. 'अंग बाहेर येतं म्हणजे काय व्हतं' असं वर लिहिलं आणि अडले. दुसरं वाक्य 'लय बायांस्नी ह्यो तरास आसतो' असं लिहिलं. वाचून बघितलं तर नाटकातल्या गावठी पात्रानं बोलावं तसं वाटलं. मला त्या बायकांची नक्कल करायची नव्हती, आणि आता मी त्यांच्यासारखं बोलतही नव्हते. ज्या भाषेतून वडिलांनी आम्हाला एवढ्या कष्टानं बाहेर काढलं, तिच्यात परत शिरायची वाट मला सापडेना. दोन्ही भाषांमधल्या उंबऱ्यावर बसून राहिल्यासारखं झालं. तो कागद चुरगळून टाकला. कागदच होता तो. त्या दिवशी मी कॉम्प्युटर उघडलाही नव्हता.

मुलीनं फोनवर सुचवलं, व्हिडिओ कर. ती सुट्टीला आली तेव्हा केलाही. मला खुर्चीवर बसवलं, मागे चादर लावली. मी फोनकडे बघून बोलायला लागले आणि आवाज असा निघाला की जसं काही शोकसभेत बोलतेय. चार वेळा केलं. चौथ्यांदा मुलीला हसू आवरेना, मग मलाही आवरेना. आम्ही दोघी पलंगावर पडून हसलो. ते व्हिडिओ तिनं पुसून टाकले.

नवरा म्हणाला, "सोडायचं तर रीतसर सोड. पहाऱ्याची पोस्ट अशी उघडी टाकून जाऊ नये." म्हणून मी तीन ओळींचा निरोप लिहिला. हा ब्लॉग आजपासून बंद करत आहे, आजपर्यंतच्या वाचकांचे आभार, काही त्रास असल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन मोकळेपणानं बोलावे. त्याच्याखाली दोन दिवसांनी एक प्रतिक्रिया आली. उघडून बघितली तर पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या कुणाची तरी जाहिरात होती.

लोक म्हणतील, वाया काही जात नाही, त्यातून शिकायला मिळालं. मुलगीही तसंच म्हणाली. मला तसं वाटत नाही. सात वर्षांच्या दुपारी होत्या त्या. त्या वेळेत मी झोपले असते, आईकडे जाऊन आले असते, मुलगी घरात होती तेव्हा तिच्याशेजारी नुसती बसले असते. आई आता माणसं ओळखत नाही. जे गेलं ते गेलं, असं म्हटल्यावर मला उलट हलकं वाटतं. त्यातून काही निघालं असं दाखवायची जबाबदारी तरी नको.

मावशींचं ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवसांनी टाके बघायला उपकेंद्रात आल्या तेव्हा बाकावर बसल्या. टाके बघण्याआधी मी तेच बघितलं. त्यांच्याबरोबर अजून दोघी होत्या. एक त्यांची चुलत जाऊ आणि दुसरी शेजारच्या वस्तीवरची. मावशींनी त्यांना माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "ह्यास्नी बी तसंच हाय. मी समदं सांगितलंय, काय करत्यात, किती दुकतंय, कवा घरी सोडत्यात. आता तुमी बगा." काय सांगितलं असेल, कुठल्या शब्दांत, ते मी विचारलं नाही. त्यानंतर महिन्याभरानं आणखी एक जण आली. कुणाला व्यायामानं, कुणाला आतून बसवायच्या रिंगनं भागलं. एकीला सांगलीला न्यावं लागलं. म्हणजे परत रजा, परत ती बस, परत दवाखान्यातली रांग. माझे गुडघे आता जिना चढताना कुरकुरतात. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत आणि खरं सांगायचं तर मी ती मोजते.

गेल्या महिन्यात त्या जाऊबाईंना घेऊन गेले होते. मावशी सोबतीला म्हणून आल्या. आमचा नंबर यायला फार वेळ होता. बाकावर आमच्या दोन्ही बाजूंना माणसं खेटून बसलेली, पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता. अखेर आत बोलावलं. तरुण डॉक्टर मुलगी होती, हुशार, घाईत. तिनं विचारलं, "मासिक पाळी बंद होऊन किती काळ झाला? मूत्रविसर्जनाच्या वेळी काही अडथळा जाणवतो का?" जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "लघवीला बसल्यावर अडतं का? हातानं वर ढकलावं लागतं?" त्या म्हणाल्या, "व्हय, ढकलल्याबिगार हुतच न्हाई." मी ते डॉक्टर मुलीला तिच्या भाषेत सांगितलं. तिनं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. असं पाचेक मिनिटं चाललं.

बाहेर आल्यावर रक्त-लघवीच्या तपासणीसाठी परत दुसऱ्या रांगेत बसायचं होतं. मावशी खाली जाऊन भडंग घेऊन आल्या. कागदाच्या पुडीत हात घालून तिघी खात बसलो. जाऊबाई म्हणाल्या, सांगलीच्या भडंगाचं नाव लय ऐकलं हुतं, पर तिकाट न्हाई. मावशी म्हणाल्या, घरी गेल्यावर मी करून घालती. मी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. मावशींनी पुडी माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "झोपा थोडं. नंबर आला की उटवती."